हवल्लीतली बाव

कुवेतच्या बंदरात, कस्टमच्या बाकड्यावर नूरीची वळकटी सोडली, तर तिच्यातून निघाला दोर. काथ्याचा, तांबूस, हाताने वळलेला. एवढा मोठा की लांबून जी वळकटी दिसत होती, ती मुख्यतः दोरच होती; वरून नुसती एक चटई आणि दोन चादरी गुंडाळल्या होत्या. वेटोळ्याच्या पोकळीत तांब्याचा पोहरा बसवलेला होता. पोहऱ्यात, जागा फुकट जाऊ नये म्हणून, कोकमाची सोलं भरली होती.

कस्टमचा तरुण कारकून दोराकडे आणि मग नूरीकडे बघून काहीतरी म्हणाला. त्याचं अरबी तिच्या नवऱ्याला, महबूबला, कळलं, पण उत्तर द्यायला तो पुढे झाला नाही. बोलणी करायची वेळ आली की पुढे अकबर व्हायचा. अकबर म्हणजे महबूबचा धंद्यातला भागीदार, श्रीवर्धनकडचा. त्याचं अरबी बाजारात घासाघीस करत शिकलेलं होतं.

"हे काय म्हणून विचारतोय, भाबी."

नूरीने पदर पुढे ओढला. आगबोटीच्या प्रवासाने तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज उतरला नव्हता. "बावीला."

"कुठल्या बावीला?"

"ह्यांच्या. ज्या बावीवर काम करतात, तिच्या."

बाव म्हणजे विहीर. बाणकोटच्या खाडीपासून खाली सगळीकडे विहिरीला बावच म्हणतात. अकबरने महबूबकडे पाहिलं. महबूब खाली वाकून, कुणी सांगितलं नसताना, चटई पुन्हा बांधायला लागला होता. मग अकबर हसला. बाकड्याला धरून हसला. कारकुनाला एक शब्द कळला नव्हता, तरी तोही हसला, कारण अकबरचं हसणं तसंच होतं.

"जाऊ दे जाऊ दे," अकबर अरबीत म्हणाला, "विहिरीचा दोर आहे. बाई तेल उपसायला आली आहे."

हे वाक्य नूरीला कळलं नाही. हसणं कळलं.

*

वर्ष १९५७. कुवेतच्या वाळूतून तेल निघायला लागून दहाएक वर्षं झाली होती, आणि जिथे माणसं उंटावरून जात तिथे लॉऱ्यांची रांग लागत होती. गावाच्या मातीच्या भिंती पाडून रस्ते निघत होते. माल ज्या खोक्यांतून उतरायचा त्यांच्या फळ्यांची घरं उभी राहत होती. हवल्लीत, शहराबाहेरच्या वस्तीत, एका दारावर 'ही बाजू वर' अशी इंग्रजी अक्षरं होती आणि ते दार उलटं बसवलेलं होतं. रिकाम्या पिंपांना तर अंत नव्हता. पिंपाची चूल, पिंपाचा हौद, पिंपाचं कुंपण. कोण कुठून आला हे विचारायची पद्धत नव्हती, काय करता येतं तेवढं विचारत.

महबूबला कपडे धुता येत होते. खरं तर तेही येत नव्हतं, इथे येऊन शिकला. ड्रिलिंगच्या कँपमध्ये कामगारांचे कपडे धुवायची एक शेड होती, तिथे तो पहिल्यांदा लागला. शेडच्या समोरच मोठ्या लोखंडी मनोऱ्याखाली विहीर खोदणं चालू होतं. सगळा कँप त्या जागेला इंग्रजीत 'वेल', म्हणजे विहीरच म्हणायचा. पहिल्या रजेवर गावी गेला तेव्हा चुलत्याने विचारलं, काय काम करतोस रे, आणि महबूब म्हणाला, "बावीवर हाय."

त्याच्या घरातले सगळे तांडेल, गलबतांचे म्होरके. बाप तांडेल, आजा तांडेल. दुसऱ्यांचे मळके कपडे उकळतो असं त्या ओसरीवर सांगणं त्याच्या तोंडून झालं नाही. 'बाव' हा शब्द खोटा नव्हता. त्या गावातून कुवेतला गेलेला तो पहिलाच. बाकीचे पुरुष बोटींवर किंवा मुंबईच्या गोदीत. त्यामुळे शब्दाला हटकायला कुणी नव्हतं. शब्द तसाच राहिला. पुढे त्याने कँप सोडला, अकबरबरोबर हवल्लीत स्वतःची लाँड्री काढली, तरी गावी तो बावीवरच होता.

नूरीने त्या शब्दावर घर बांधलं होतं. वाळवंटात एक बाव आहे, तिच्यावर आपला माणूस उभा आहे, तहानलेल्यांना पाणी काढून देतो. याहून मोठं सवाबाचं, पुण्याचं काम कुठलं? पाणवठ्यावर बायका विचारायच्या, तुझा घोव करतो काय गं तिकडे, आणि नूरी कळशी डोक्यावर घेता घेता सांगायची. गावात आगबोटीचे खलाशी पुष्कळ होते. पाणी देणारा एकच होता.

मागच्या रजेत तिने त्याचे हात बघितले होते. तळव्यांना भेगा, बोटांच्या पेरांवर कातडी सोललेली. ती खोबरेल लावत बसली आणि तिने विचारलं, "दोर कसला हाय तितं?"

महबूबच्या डोळ्यांपुढे मनोऱ्यावरची तार आली. "लोखंडी."

"लोखंडी? आनि हातानं ओढायचा?"

"ओढावा लागतो," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

तो परत गेल्यावर नूरीने नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरली. कुजल्यावर काढून, कुटून, काथ्या मोकळा केला. पावसाळ्यानंतर दोर वळायला बसली. लोखंडाने हात कापतात, काथ्याने नुसते राठ होतात, एवढा हिशेब होता. लांबी तिने घरच्या बावीची धरली. घरची बाव जांभ्यात खोल गेलेली आहे, उन्हाळ्यात तळाशी गेलेलं पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. वाळवंटातली बाव तिच्याहून उथळ कशी असेल?

*

कस्टममधून ते थेट हवल्लीतल्या घरी आले. घर मातीचं, जुन्या पद्धतीचं. मध्ये चौक आणि चौकाभोवती खोल्या. रस्त्याकडच्या दोन खोल्यांत लाँड्री. मागच्या बाजूला घरमालकीण राहायची, उम्म सालेम नावाची एक विधवा म्हातारी. चौकात दोऱ्यांवर कपडे वाळत होते. एकाच मापाचे, एकाच रंगाचे, पायापासून गळ्यापर्यंत अखंड, आणि धुतल्यानंतरही त्यांच्यावर काळे डाग होते. कोपऱ्यात अर्धी कापलेली पिंपं, त्यांच्याखाली रॉकेलचे जाळ. सोड्याचा वास होता, आणि सोड्याखाली आणखी एक वास होता, जड, डोक्यात जाणारा.

नूरी चौकात उभी राहिली. तिने पिंपाकडे पाहिलं. कपडे ढवळायचं लाकूड पाहिलं. मग महबूबच्या हातांकडे पाहिलं. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"हा तुमचा काम?"

"हो."

"आनि बाव?"

महबूबने सांगितलं. बावीतून पाणी नाही, तेल निघतं. ते यंत्राने निघतं, दोर ओढावा लागत नाही. आणि त्या बावीवर तो कधीच नव्हता, बावीवरच्या लोकांच्या कपड्यांवर होता. थोडक्यात सांगितलं, एवढ्या वर्षांचं ते थोडक्यातच निघालं.

"कपडे धुता, हे सांगायला काय झाला? मी कुना राजाची लेक हाय?"

"तसा नाय—"

"नमाज झाल्यावर दुवा मागायची मी, पानी देनाऱ्या हातांना बरकत दे म्हनून. सगल्या गावाला सांगितला. तुमी गप रावलंत आनि खोटी मी पडले."

अकबर ट्रंक घेऊन आत आला तो नेमका याच वेळी. वातावरण हलकं करायचं म्हणून त्याने दोराचं वेटोळं उचललं. "भाबी, आता आणलाच आहे तर पोहरा सोडू या. तेल लागलं तर भजी तळू."

नूरीने त्याच्या हातातून दोर घेतला, खोलीत नेला आणि पलंगाखाली सारला.

खोली महबूबने नवीन चुन्याने रंगवली होती. भिंतीवर आरसा होता, टेबलफॅन होता, आणि खिडकीत, हवल्लीत कुठून मिळवली ते त्यालाच ठाऊक, एका डब्यात पुदिन्याची रोपं होती. लग्नानंतरचा दोघांचा सगळा संसार रजांमध्ये झालेला. बायकोला इथे आणायची परवानगी मिळवायला त्याला फार खेटे घालावे लागले होते. ती आली होती ती सहा महिने बघायला. जमलं तर राहायचं, नाही तर परत. हे 'बघायला' त्याने मनातून काढून टाकलं होतं.

"पुढच्या बोटीनं जातंव," नूरी म्हणाली. ती ट्रंक उघडतही नव्हती. "दोर पन नेतंव. घरच्या बावीचा झिजलाय. तितं लागेल."

महबूब दारात उभा होता. नूरी रागाने बोलली असती तर त्याला आशा वाटली असती. ती रागाने बोलली नव्हती. आता गेली तर ती पुन्हा येणार नाही, हे त्याला माहीत होतं.

*

पुढची बोट लगेच नव्हती. मधल्या दिवसांत नूरी स्वयंपाक करायची, खोली झाडायची आणि लाँड्रीकडे फिरकायची नाही. पहिल्या शुक्रवारी महबूबने विचारलं, "बाव बगायची हाय?"

"बगू," ती म्हणाली. "येवढ्या लांब आले ती तिच्यासाठीच."

अकबरने ओळखीच्या माणसाकडून पिकअप आणली. तेलकंपनीच्या अहमदी गावाच्या रस्त्याने ते निघाले. शहर संपलं आणि सपाट वाळू लागली, काही नाही असं खूपसं. मग लांबवर ज्वाळा दिसायला लागल्या. भर दुपारी जळणाऱ्या, कुणी न विझवणाऱ्या. एका जागी रस्त्यापासून थोडं आत लोखंडी मनोरा होता. अकबरने गाडी थांबवली. आत जायची परवानगी नव्हती.

नूरीने पुष्कळ वेळ बघितलं. "बाव खाली जाते," ती शेवटी म्हणाली. "ही वर गेलीय."

"ही खोदतायत अजून. झाली की मनोरा काढतात. ती बघा, ती झालेली," अकबरने बोट दाखवलं. तारेच्या कुंपणात कमरेएवढ्या उंचीचा एक नळ उभा होता, त्याला चारी बाजूंनी चाकं आणि तोट्या.

"ही बाव?"

"ही बाव."

"काठ कुटं हाय? वाकून बगायचा कुटून?"

"वाकून बघत नाहीत, भाबी."

"मग कलतं कसा, आत काय हाय ते?"

अकबरने नळाकडे पुन्हा एकदा पाहिलं. पदराआड नूरी हसली. तेवढं महबूबने पाहिलं आणि तेवढ्यावर तो परतीच्या वाटेत गाणं गुणगुणायला लागला. पण घरी आल्यावर तिने विचारलं, "बोट कवा हाय म्हनालंत?"

त्यात अकबरचा विनोद कुवेतभर झाला होता. तो वाईट माणूस नव्हता, पण चांगली गोष्ट त्याच्या पोटात राहत नसे. फहाहीलच्या चहाच्या दुकानात त्याने ती सांगितली, तिथून ती कँपांत गेली. कपडे न्यायला आलेले मिस्त्री, खानसामे विचारायला लागले, "काय महबूबभाय, बाववाली भाबी आली म्हणे? किती पिंपं काढली?" चौकातलं बोलणं खोलीत ऐकू जायचं. महबूब एका माणसावर ओरडला. त्याने तो विनोद आणखी चांगला झाला.

*

बोटीच्या आधीच्या आठवड्यात धूळ उठली. तिथे तिला तोझ म्हणतात. आभाळ आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग दिसेनासं झालं. दारं लावली तरी धूळ दाताखाली यायची. आणि पाण्याचा टँकर आला नाही. समुद्राचं पाणी उकळून गोडं करण्याचा कारखाना झाला होता, पण तिथून हवल्लीपर्यंत पाणी चाकांवर यायचं आणि चाकांना रस्ता दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. लाँड्रीत कपड्यांचे ढीग छातीपर्यंत गेले. महबूब तोंडाला फडकं बांधून टँकरच्या शोधात बाहेर पडला. अकबर कँपच्या लोकांना समजवायला गेला.

नूरी चौकाच्या आडोशाला बसून रिकामा माठ झाडत होती. तेवढ्यात उम्म सालेम मागच्या खोलीतून आली. काळ्या अबायात ही म्हातारी आतापर्यंत नुसती दारातून मान हलवायची. आज तिने नूरीच्या हाताला धरलं.

"माय," ती म्हणाली. "माय, माय."

नूरीला वाटलं, बाई आपल्या आईला हाका मारते आहे. या वयात. तिचा जीव गलबलला. "माय कुटं, खाला?"

'खाला' म्हातारीला कळलं, तिच्याही भाषेत मावशीला तेच म्हणतात. तिने रिकाम्या माठावर बोट आपटलं. "माय!" माय म्हणजे तिकडे पाणी. मग तिने नूरीला ओढत चौकाच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे फळ्यांवर फळ्या, त्यांच्यावर पत्र्याचा तुकडा, त्याच्यावर दगड रचलेले होते. नूरीला तो अडगळीचा ढीग वाटत आला होता. दोघींनी दगड बाजूला केले. पत्रा उचलला. फळ्या सरकवल्या.

खाली काळोख होता आणि काळोखातून ओलसर गारवा वर आला. नूरी गुडघ्यांवर बसली, काठाला दोन्ही हात टेकले आणि वाकून बघितलं. खाली, फार खोल नाही, एक गोल उजेड हलला आणि त्यात तिचं डोकं होतं.

"बाव!" ती म्हणाली.

"बालदी," म्हातारी म्हणाली, "बालदी!"

हा शब्द नूरीला कसा कळणार नाही? ती खोलीत धावली. पलंगाखालून दोर ओढला, पोहरा घेतला, पोहऱ्यातली सोलं चटईवर ओतली आणि परत आली.

पण म्हातारीने दोर बघितला आणि ती विहीर विसरली. तिने वेटोळं दोन्ही हातांनी घेतलं. पिळावरून बोट फिरवलं. मग नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. "कंबार," ती हळू म्हणाली. आणखीही काही म्हणत राहिली, ते नूरीला कळलं नाही. धूळ उडत होती, पिंपं रिकामी होती. नूरी दोर मागायला गेली नाही. ती शेजारी बसून राहिली.

अकबर परतला तेव्हा नूरी पाणी काढत होती आणि म्हातारी काठाशी बसून बोलत होती. तो बघतच राहिला.

"खाला काय बोलतात ते सांग," नूरी त्याला म्हणाली. "आनि हसलास तर ह्यातच ढकलीन."

अकबर हसला नाही. "कंबार म्हणजे काथ्या, भाबी. यांचा नवरा गलबतावर होता. खजूर घेऊन आपल्याकडे यायचा, मलबारपर्यंत जायचा, लाकूड आणि काथ्या घेऊन परत. घरी आला की अंगाला काथ्याचा वास असायचा म्हणतात." तो थांबला, म्हातारीचं पुढचं ऐकलं. "म्हणतात, तो कधी खरं सांगायचा नाही. विचारलं की म्हणायचा, समुद्र कसा, ताटातल्या पाण्यासारखा. मग या त्याचे हात बघायच्या. हातांवर दोराचे वळ उठलेले असले की समजायचं, वादळ लागलं होतं."

"मग?"

अकबरने म्हातारीला विचारलं. उत्तर लहान होतं. "मग एकदा आलाच नाही."

नूरीने भरलेला पोहरा काठावर टेकवला. तिने पाण्यात बोट बुडवून चाखलं. "खारा हाय."

"पिण्याचं नाहीच म्हणतात ते. हवल्लीतल्या दुसऱ्या काही विहिरी गोड होत्या, ही नाही. पण भांडी, कपडे सगळं यातच व्हायचं. टँकर सुरू झाले तेव्हा यांच्या मुलाने बुजवायला घेतली, या बुजवू देईनात. म्हणून झाकली."

"साबन फेसलायचा नाय ह्यात. पन चिखल निघेल," नूरी म्हणाली. "ते कपडे आन हिकडं. तेलाचे नको, मातीचे आदी."

महबूब संध्याकाळी आला तो टँकरवाल्यांच्या शिव्या खाऊन, कुठेच पाणी न मिळता. भुवयांवर धूळ बसलेली. चौकात पिंपं भरलेली होती, अकबर धोतरासारखी लुंगी खोचून कपडे पिळत होता, आणि त्याची बायको एका विहिरीवर उभी होती जी घरात आहे हे त्याला भाडेकरू असून ठाऊक नव्हतं. दोर एवढा लांब होता की अर्ध्याहून जास्त वेटोळं तिच्या पायाशी तसंच पडलं होतं.

तो पुढे झाला आणि तिच्या हातातून दोर घेतला. पोहरा खाली गेला, डुबुक वाजला, जड झाला. महबूब ओढायला लागला. तांडेलाच्या पोराचे हात होते, लय चुकली नाही.

नूरी बघत होती. "हाताला लागतो?"

"नाय."

"खरा सांगा."

महबूबने पोहरा काठावर ठेवला. ओला दोर मुठीत धरून बघितला. "नाय लागत. मऊ हाय."

*

धूळ बसली. सकाळी टँकर आला आणि मग रोज येत राहिला. कँपचे कपडे वेळेत गेले. बाव मात्र पुन्हा झाकली गेली नाही. पहिलं भिजवणं तिथल्याच पाण्यात व्हायला लागलं. उम्म सालेम दुपारी काठाशी येऊन बसायची. बोटीचा विषय घरात कुणी काढला नाही. महबूब विचारायला भीत होता, आणि नूरीची ट्रंक अजून बांधलेलीच होती.

एका संध्याकाळी ती खोबरेलाची वाटी घेऊन बसली. "हात द्या."

त्याने दिले.

"खालानं हात बगितले आनि बरोबर ओलखला," ती म्हणाली. "मी पन बगितले. चुकीचा ओलखला. आता तुमी सांगा. ही भेग कसली?"

"सोड्याची."

"ही?"

"तीपन."

"हा डाग?"

"इस्त्रीचा. कोलसा उडाला."

"हा?"

महबूबला आठवावं लागलं. "पिंपाची कड लागली. कँपवर. पहिल्या वरसी."

"मना सांगितला नाय."

"सांगितला असता तर तू रडली असतीस."

"रडले असते," नूरी म्हणाली. "मग गप झाले असते. आनि दुवा बरोबर जागी मागितली असती." तिने दुसरा हात ओढून घेतला. एकेक भेग, एकेक डाग विचारत गेली. तो सांगत गेला. काही त्याच्याही लक्षात नव्हते, तेव्हा तसं म्हणाला. वाटीतलं तेल संपलं तरी तिने हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी अकबर शहरात जायला निघाला. बोटीच्या एजंटाकडे नाव लावायचा शेवटचा दिवस होता. त्याने महबूबकडे बघितलं, महबूबने जमिनीकडे. शेवटी अकबरनेच खोलीच्या दाराशी जाऊन हाक दिली, "भाबी, तिकिटाचं काय करू?"

आतून उत्तर आलं, "सुरी हाय का रे, धारेची?"

"सुरी?"

"कापड कापायची कात्री चालनार नाय. सुरी दे."

अकबरने महबूबकडे बघितलं. महबूबनेच जाऊन सुरी आणली. नूरी दोर घेऊन बाहेर आली होती. बावीच्या काठाशी बसून तिने पोहरा पाण्यापर्यंत सोडला, दोराला काठाशी बोटाने खूण केली, वर हाताशी धरायला थोडा जादा सोडला आणि तिथे सुरी लावली. काथ्या सहज कापला जात नाही. तिला जोर करावा लागला. महबूब जवळ गेला आणि पलीकडचं टोक ताणून धरलं.

"घरच्या बावीला पुरनार नाय मग," तो म्हणाला.

"तितं दुसरा वलतील. सोडनं काय कमी हायत?" ती मान वर न करता म्हणाली. "ह्याचा माप हिथलाच होता, मी चुकीचा धरलेला."

दोर तुटला. उरलेला लांब तुकडा नूरीने गुंडाळला, चौक ओलांडून मागच्या दाराशी गेली आणि उम्म सालेमच्या मांडीवर ठेवला. म्हातारीने त्याच्यावर हात पसरला. दोघींत बोलायला मोजके शब्द होते, तेही पाण्याचे.

अकबर अजून खोलीच्या दाराशीच उभा होता. त्याला सगळं समजलं होतं, आणि इतका वेळ गप्प राहणं त्याला झेपत नव्हतं.

"मग भाबी," त्याने चौकभर आवाज दिला, "लागलं का तेल?"

परत येता येता नूरीने पदर खोचला आणि पोहरा आत सोडला.

"लागला," ती म्हणाली. "जा, बेसन घेऊन ये."